टाके निघाले, पोट अजून भरायचंय

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण दहाव्या दिवशी वरचे टाके निघतात. कातडी जुळलेली दिसते, घरचे म्हणतात, ‘भरली जखम.’ पण पोटाचा भार कातडीवर नसतोच. तो असतो चरबीखालच्या पांढऱ्या, चिवट पापुद्र्यावर, म्हणजे फॅशियावर. हा थर कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचा. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो सावकाश भरतो.

पहिले दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन विणायला घेतात. सुरुवातीचं कोलॅजेन कच्चं असतं, पक्कं व्हायला महिने लागतात. सहा आठवड्यांनी ताकद मूळच्या निम्म्यावर येते, चार महिन्यांनी 70 ते 80 टक्क्यांवर.

तोवर पोट सांभाळतो तो दोरा. व्हिक्रिल या विरघळणाऱ्या दोऱ्याची निम्मी ताकद तीन आठवड्यांतच जाते, म्हणून इथे हळू विरघळणारा पॉलिडायऑक्सॅनोनचा दोरा हवा.

आता हा टाका जवळून पाहा. सुई चिरेच्या कडेपासून 5 ते 8 मिलिमीटरवर शिरते, पुढचा टाका 5 मिलिमीटरवर. सुईत फक्त फॅशिया येतो. चरबी नाही, स्नायू नाही. 10 सेंटिमीटर चिरेत निदान 40 सेंटिमीटर दोरा बसायला हवा. पोट फुगलं की चीर लांबते, आणि दोरा अपुरा असेल तर तो फॅशिया कापत जातो. आवळलेला टाकाही तितकाच वाईट. कडा एकमेकींना नुसत्या टेकाव्यात. आवळल्या की त्यांचं रक्त थांबतं, त्या मऊ पडतात. पोट उसवतं तेव्हा बहुतेकदा दोरा आणि गाठ शाबूत असतात, फाटलेला असतो फॅशिया.

नेदरलँड्समधल्या 560 रुग्णांच्या चाचणीत, 2015 साली, वर्षभरात हर्निया झाला तो एकेक सेंटिमीटरच्या टाक्यांनी 21 टक्क्यांना, अशा बारीक टाक्यांनी 13 टक्क्यांना.

पाचव्या ते दहाव्या दिवसात ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्याने भिजलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच सर्जनला कळवा. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका आणि रुग्णालय गाठा.

एरवी खोकताना पोटावर उशी दाबून धरा. कुंथायची वेळ येऊ देऊ नका. तंबाखू, विडी, सिगारेट पूर्ण बंद. आणि सहा आठवडे भरलेली बादली दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या. ती 15 किलोची असते.