चौकटीवरची रेघ

नमस्कार, श्रोतेहो.

गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी आले की दाराच्या चौकटीशी मुलांना उभं करून उंचीची रेघ मारायची, ही बऱ्याच घरांतली रीत. गेल्या चतुर्थीला एका आजींनी मला अशीच चौकट दाखवली. नातवाच्या तीन वर्षांच्या तीन रेघा, आणि मधे जेमतेम दोन-दोन बोटांचं अंतर. “आमचं घराणंच बुटकं हो, डॉक्टर.” पण हा मुलगा पाचव्या वर्षी मेंदूच्या गाठीच्या दुखण्यातून उठला होता. डोक्याला आणि कण्याला रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, तो देऊन झाला होता. पोर बरं झालं म्हणून परळच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा थांबल्या. पुढेही तपासत राहायचं असतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्याचंच वाईट वाटतं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वाढीचं हार्मोन तिथलं. तिला किरण लागले की वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, उंची अडते. कण्यावरचे किरण पुढे गळ्यातून बाहेर पडतात, तिथली थायरॉईड ग्रंथीही त्यांच्या वाटेत येते. कोवळे मणकेही खुंटतात, म्हणून उंची बसवूनसुद्धा मोजावी.

हे टाळायला डॉक्टर खूप जपतात. तीन वर्षांखालच्या बाळाला शक्यतो केमोवर ठेवून शेक पुढे ढकलतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पूर्वी डोक्याला सर्रास शेक देत. आता बहुतेक मुलांचं पाठीतल्या केमोच्या इंजेक्शनांवर भागतं. प्रोटॉनचे किरण हा शेकाचाच एक प्रकार, ते गाठीपाशीच थांबतात. खारघरला टाटाच्या केंद्रात ही सोय २०२३पासून आहे. प्रत्येकाला ते लागत नाहीत, पण शेक सुरू होण्याआधी विचारा जरूर.

आणि कागद सांभाळा. आपल्या पावसात माळ्यावरच्या फाइलला बुरशी धरते. शेक कुठे दिला, किती ग्रे (हे किरणांच्या मात्रेचं माप), किती दिवस, हे लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. थायरॉईडची तपासणी दरवर्षी करा. मूल वर्गात मागे पडलं तर बाईंना आजार सांगा. त्याला ढ म्हणू देऊ नका. अशा मुलाला मोठेपणी दुसऱ्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून घरातली मिश्री त्याच्या हाती कधीच पडू नये.

परळला टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१पासून चालतं. आजींचा नातू आता तिथे जातो. थायरॉईडची गोळी सुरू झाली आहे, वाढीच्या हार्मोनच्या तपासण्या चालू आहेत. चौथी रेघ येत्या चतुर्थीला मारायची आहे. आजींनी मला बोलावलंय.