रूपकात वाजणारी जिप्सी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते जुन्या जिप्सीच्या इंजिनातून येणाऱ्या टिकटिकीबद्दल. ज्यांच्या दारात जिप्सी उभी आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळलं असेल. सकाळी सेल्फ मारला की बॉनेटखालून टिक टिक टिक टिक सुरू होतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की टिकटिकही पळायला लागते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

मारुतीची जिप्सी 1985 च्या डिसेंबरात आली. तेव्हा तिचं इंजिन 970 सीसीचं होतं. 1996 मध्ये जिप्सी किंग आली, ती 1298 सीसीची. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्हींचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर हेडमध्ये आणि तो पट्ट्यावर फिरणारा. लष्कराने ही गाडी वर्षानुवर्षं वापरली, वनखात्याने वापरली, आपल्याकडे जंगल सफारी तर तिच्याच जिवावर उभी राहिली. आता नवी मिळत नाही, म्हणून आहे ती जपायची. आणि जपायची असेल तर तिचा आवाज ओळखता आला पाहिजे.

माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी दोन-तीनदा सांगणार आहे. टिकटिक कानावर आली की पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पाहा. ती थंड इंजिनावर येते की गरम इंजिनावर? पुन्हा सांगतो. थंड इंजिनावर, की गरम इंजिनावर?

बहुतेक ठिकाणी हे कुणी विचारतच नाही. टिकटिक म्हणजे टॅपेट, असं धरून चालतात. टॅपेट हे कारण असतंही, नाही असं नाही. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी तरफ, आणि व्हॉल्व्ह यांच्यात थंड इंजिनावर साधारण दीड दशांश मिलिमीटरची फट ठेवायची असते, त्यालाच टॅपेट सेट करणं म्हणतात. झिजून ती वाढली की टिकटिक होते. पण टॅपेटचा आवाज इंजिन गरम झाल्यावर आपणहून पार नाहीसा होत नाही. कमी-जास्त होईल, पण राहील. तो पूर्ण जात असेल, तर शोध दुसरीकडे घ्यायचा. कुठे, ते मोहर्लीच्या गाडीवरून सांगतो.

मी चंद्रपूरला मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. माझा एक विद्यार्थी पुढे ताडोब्यात मोहर्ली गेटवर सफारीची गाडी चालवायला लागला. गाडी 1998 ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, त्याने सेकंडहँड घेतलेली. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत त्याचा फोन आला. "सर, टॅपेट तीन डाव सेट केले, आवाज काही जात नाही. आता म्हणतात इंजिन उतरवा, पंचेचाळीस हजार लागतील." मी विचारलं, आवाज दिवसभर येतो का? तो म्हणाला, "नाही ना सर. सकाळीच वाजते. मंग दहा मिनटात चूप होते."

मी म्हटलं, मंगळवारी येतो. मंगळवारी सफारी बंद असते. फक्त सोमवारी रात्री गाडी लावलीस की मी येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. थंड इंजिन पाहायचं तर ते रात्रभर थंड झालेलं असलं पाहिजे. अर्धा तास बंद ठेवलेलं इंजिन थंड नसतं.

सकाळी साडेसहाला पोचलो. इरई धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, अंगणात शेकोटी पेटलेली. ओट्यावर त्याचे मामा घोंगडी पांघरून बसले होते. मामा म्हणजे पंचक्रोशीतले भजनातले वादक. पखवाज आणि तबला, दोन्ही. हल्ली पुष्कळ भजनी मंडळांत बटण दाबून ठेका लावतात. मला ते अजिबात पटत नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबला तर मशीन थांबत नाही, पखवाजवाला थांबतो. असो, गाडीकडे येऊ.

चोक ओढून सेल्फ मारला. गाडी लागली आणि टिकटिक सुरू झाली. मिनिटाभराने चोक आत ढकलला, इंजिन आयडलिंगला स्थिर झालं. मी टॅकोमीटर जोडला, काटा 840 वर. म्हणजे क्रँकशाफ्टचे, इंजिनातल्या खालच्या मुख्य दांड्याचे, मिनिटाला 840 फेरे, सेकंदाला चौदा. मी टिकटिक मोजायचा प्रयत्न करत होतो, पण माझा हिशेब सारखा चुकत होता. मागे पाहिलं तर मामांची बोटं गुडघ्यावर चालली होती. नजर समोरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. मी विचारलं, "मामा, काय वाजवताय?"

ते म्हणाले, "रूपक आहे जी. काटा एक घर सरकला की एक आवर्तन पुरं होते."

श्रोतेहो, माझ्या अंगावर काटा आला. रूपक हा ताल सात मात्रांचा. ती ती ना, धी ना, धी ना. सेकंदाला सात! आणि क्रँकशाफ्ट सेकंदाला चौदा. बरोबर निम्मं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. प्रत्येक व्हॉल्व्ह त्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, प्रत्येक सिलिंडर त्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे हा आवाज एकाच सिलिंडरचा, आणि बहुधा वरच्या अंगाचा. टॅपेट असेल, प्लगमधून हवा सुटत असेल, नाहीतर एक्झॉस्टची गळती असेल. क्रँकच्या पुलीचा किंवा फ्लायव्हीलचा असता तर सेकंदाला चौदा ठोके पडले असते, आणि ते मोजता येत नाहीत, कानाला नुसती खरखर लागते. मी मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे खालचा दुगुनीत फिरते." दुगुन म्हणजे दुप्पट लय. मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं, इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

पण वेळ कमी होता. इंजिन गरम झालं की आवाज जाणार. मी रबरी नळीचा हातभर तुकडा नेला होता. एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून नेणाऱ्या नळकांड्याच्या, सांध्यावरून सरकवत नेलं. एक नंबरचा सिलिंडर शांत, दोन शांत, तीन शांत. चार नंबरवर, मागच्या बाजूला, कुणी कानात फू फू करावी तसं झालं. गाडी बंद केली, चार नंबरच्या प्लगची वायर काढून बाजूला नीट अर्थ करून ठेवली, पुन्हा चालू केली. इंजिन लंगडायला लागलं, पण टिकटिक गेली! टॅपेट असता तर वायर काढूनही वाजलाच असता, कारण व्हॉल्व्ह तर उघडमीट करतोच. सिलिंडर पेटला नाही, दाबाचा धूर आला नाही, म्हणून आवाज गेला. गळती एक्झॉस्टची.

गरम झाल्यावर ती बंद का व्हायची, तेही ऐका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं. तापल्यावर दोन्ही फुगतात, अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट. थंडीत राहिलेली बारीक फट या फुगण्याने दाबली जाते. म्हणून थंड गाडी वाजते आणि गरम गाडी गप्प होते.

इंजिन निवल्यावर मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर काढलं. चार नंबरच्या पोर्टशेजारी हेडवर काजळीचा पंखा उमटला होता, देवळातल्या समईच्या मागे भिंतीवर उमटतो तसा. मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा कडेचा स्टड तुटलेला. नशीब असं की त्याचे दोन-तीन आटे बाहेर होते. तेल सोडून ठेवलं, त्यावर नट वेल्ड केला आणि पान्याने हळूहळू मागेपुढे करत बाहेर काढला. तो पुरा निघेपर्यंत जेवणाची वेळ झाली. नवं पॅकिंग, नवे स्टड, सगळं हजार रुपयांच्या आत.

पण खरी धोक्याची गोष्ट टॅपेट कव्हर उघडल्यावर दिसली. तीनदा "सेट" केलेल्या टॅपेटमध्ये फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान जात नव्हतं. आवाज जात नाही म्हणून कुणीतरी ते आवळत गेलं होतं. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट नसेल तर तो सीटवर पूर्ण बसत नाही, जळता गॅस कडेने सुटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. वाजणारा टॅपेट काही दिवस चालेल, आवळलेला चालणार नाही. हे लक्षात ठेवा. वाजणारा काही दिवस चालेल, आवळलेला चालणार नाही. आणखी महिनाभर गाडी तशीच पळाली असती तर ते पंचेचाळीस हजार खरोखरच लागले असते.

तसंच ते जाड ऑइल ओतणं. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल घालून देतात, याचा मला राग आहे. गिऱ्हाइकाला आवाज ऐकू येऊ नये म्हणून इंजिनाच्या तोंडात बोळा कोंबायचा! सकाळच्या थंडीत ते ऑइल वरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला.

बाकीचं भराभर सांगतो. सगळ्यात आधी डिपस्टिक पाहा, ऑइल कमी असेल तर शोध तिथेच संपेल. प्लग सैल असेल तरी फू फू होते, प्लगच्या बुडाशी काळं दिसतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप कॅमशाफ्टवर चालतो, तोही टिकटिकतो. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाडीत इंजेक्टरची बारीक टिकटिक असतेच, ती दुरुस्त करायची नसते. आणि त्या गाडीत प्लगची वायर काढून इंजिन चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट सैल नाही ना, तेही पाहा. आणि आवाज टिकटिक नसून खालून ठक ठक असा जड येत असेल, तर गाडी जागच्या जागी बंद करा आणि टो करून न्या.

नळी लावताना ओढणी, मफलर, सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवा. शटर ओढलेल्या जागेत इंजिन चालू ठेवू नका. एक्झॉस्ट गळत असेल तर तो वायू केबिनमध्येही येतो. सफारीची गाडी उघडी असते, तुमची हार्डटॉप असेल तर हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

पॅकिंग बदलल्यावर आठवड्याभराने मॅनिफोल्डचे नट इंजिन थंड असताना पुन्हा एकदा तपासायचे असतात. त्यासाठी पुढच्या मंगळवारी मी पुन्हा मोहर्लीला गेलो. दोन नट अर्धा आटा सैल झाले होते, ते बसवले. गाडी चालू केली, मामा ओट्यावरून उतरून बॉनेटपाशी आले, कान लावून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता काही मोजायलेच नाही." आणि मला चहाला आत घेऊन गेले.

नमस्कार.