बकनरच्या नावापुढचा ई-३

पत्रिकेत विषय छापलाय 'बेसबॉलमध्ये चूक कोणाची ते कोण ठरवतं'. त्याकडे येतोच. आधी २५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र उरकून घेऊ.

न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना. चार सामने जिंकणाऱ्याला अजिंक्यपद, आणि मालिकेत बॉस्टन रेड सॉक्स न्यूयॉर्क मेट्सच्या पुढे, ३-२. १९१८ नंतर बॉस्टनला अजिंक्यपद नाही. या सामन्यात नऊ इनिंग्जनंतर धावा ३-३. दहाव्या इनिंगला डेव्ह हेंडरसनचा होम रन, त्यावर आणखी एक धाव, ५-३. मग मेट्सचे पहिले दोघे उंच फटके मारून झेलबाद. तिसरा बाद झाला की खेळ संपला. स्टेडियमच्या फलकावर बॉस्टनच्या अभिनंदनाची अक्षरं क्षणभर झळकली. बॉस्टनच्या ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन उडणार म्हणून प्लास्टिकही लावून झालं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, शिराल्डी. मेट्सच्या कार्टरचा सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मग मिचेलचा सिंगल. रे नाइटवर दोन स्ट्राइक (तिसऱ्याला फलंदाज बाद), म्हणजे अजिंक्यपदाला एक स्ट्राइक कमी, आणि त्याचाही सिंगल. ५-४, मिचेल तिसऱ्या बेसवर. पिचर बदलला, बॉब स्टॅन्ली आला. समोर मुकी विल्सन. त्याच्यावरही दोन स्ट्राइक झाले. सातवा चेंडू आत घुसला, विल्सन उडी मारून बाजूला झाला, चेंडू कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या, गेडमनला चुकवून मागे गेला. मिचेल घरी, म्हणजे सगळे बेस फिरून धाव पुरी, ५-५, नाइट दुसऱ्या बेसवर. हा क्षण नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दहावा चेंडू. पहिल्या बेसकडे सरपटत गेलेला साधा ग्राउंडर. अशा चेंडूला ग्लोव्ह आधी मातीला टेकवायचा आणि चेंडूबरोबर वर आणायचा. वरून खाली नेला की चेंडू खालून निसटतो. बॉस्टनचा पहिला बेसमन बिल बकनर, त्याचे घोटे दुखावलेले, उंच बूट घालून खेळत होता. चेंडू पायांतून गेला, नाइट घरी, ६-५. स्कोअरकार्डात 'ई-३': ई म्हणजे एरर, ३ हा पहिल्या बेसमनचा क्रमांक. एवढ्याशा अक्षरापायी त्या माणसानं पुढची कितीतरी वर्षं टोमणे खाल्ले.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. बरं, मूळ मुद्दा भरभर सांगतो.

आपल्या क्रिकेटच्या धावफलकात सुटलेल्या झेलाला रकानाच नाही, बेसबॉलमध्ये आहे. अधिकृत स्कोअरर बघतो, की सामान्य प्रयत्नात हे जमायला हवं होतं का. हवं होतं आणि नाही जमलं, की एरर. पण सुटलेल्या पिचला नियमानं एरर देतच नाहीत. पिचरचा दोष असेल तर 'वाइल्ड पिच', कॅचरचा असेल तर 'पास्ड बॉल', आणि दोन्हींची नोंद वेगळी. त्या रात्री वाइल्ड पिच लिहिलं गेलं. गेडमननं अडवायला हवा होता, असं म्हणणारे आजही आहेत. बरोबरीची धाव त्या चेंडूवर आली, बकनरवर नाही. त्यानं ग्राउंडर अडवून बाद केला असता तरी अकरावी इनिंगच सुरू झाली असती!

विचार करण्यातली चूक तर स्कोअररला लिहिताच येत नाही. मालिकेत बॉस्टननं जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत त्यांचा मॅनेजर मॅकनमारानं शेवटी बकनरऐवजी डेव्ह स्टेपल्टनला उभं केलं होतं. सहाव्या सामन्यात केलं नाही. त्याला रकाना कुठला?

सातवा सामना २७ तारखेला झाला. त्यात बॉस्टन ३-० ने पुढे होतं आणि ८-५ ने हरलं. सातवा सामना झाला होता, हे किती जणांना ठाऊक होतं? हात वर करा पाहू.