गर्दी मोजू नका, छेद मोजा

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत प्रॅक्टिस करतो. बाहेर रांग दिसली की लोक म्हणतात, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. रांग बघून पोहे-जिलबीचं दुकान निवडा हो, डॉक्टर नको.

हे माझं मधुमेहाचं रजिस्टर. समजा यात 100 नावं आहेत. सहा महिन्यांत 60 जणांनी एचबीए1सी करून आणली. साधारण तीन महिन्यांची साखर सांगणारी ही तपासणी. त्यातल्या 42 जणांची 7 टक्क्यांच्या खाली आली. साठात बेचाळीस, म्हणजे 70 टक्के! लावा बोर्ड. पण उरलेले 40 कुठे गेले? त्यांना धरलं तर सिद्ध झालेलं यश 42 टक्केच. शाळेत अंश-छेद शिकलो ना? दवाखान्यात गडबड होते ती छेदात.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी छेद सोडला नाही. ऑपरेशननंतर वर्षभराने प्रत्येक पेशंटचं काय झालं ते बघायचंच, असा त्यांचा हट्ट. 1911 ते 1916 या काळात त्यांच्या छोट्या हॉस्पिटलातून घरी गेलेल्या 337 पेशंटमागे 123 चुका त्यांनी स्वतःच छापल्या. हे इतर डॉक्टरांना किती रुचलं असेल, तुम्हीच ताडा.

आणि तो 7 चा आकडाही सगळ्यांना सारखा लावायचा नसतो. ऐंशीच्या आजोबांची साखर ओढूनताणून खाली आणली तर माझा तक्ता सुधारेल, आजोबा मात्र पहाटे चक्कर येऊन पडतील. त्यांची मर्यादा सैल ठेवायची. पण ती आधी लिहायची, रिपोर्ट बघून नाही.

शिवाय साखर सगळी माझ्या हातात नाही. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत मी कुणाकुणाला अडवू? हे मात्र माझ्या हातात आहे. (कॅमेऱ्याजवळ धरून) ही नायलॉनची तार, मधुमेहाने पाय बधिर झालेत का ते बघायची. तळव्याला टेकवली की 10 ग्रॅमच्या दाबाला वाकते. पेशंटने डोळे मिटायचे, स्पर्श कळला की सांगायचं. नाही कळला, तर उद्या खडा टोचलेलाही कळणार नाही. वर्षात किती जणांचे पाय असे तपासले, ते मोजायला घेतलं आणि मीच ओशाळलो.

मग न आलेल्यांना फोन लावले. एका काकूंना विचारलं, ‘‘औषध बंद केलंत का?’’

‘‘अहो डॉक्टर, औषध चालू आहे. तुमच्या जिन्याला कठडा नाही. या गुडघ्यांनी वर कशी येऊ?’’

फॅब्रिकेशनवाला उद्या माप घ्यायला येतोय.