एकीनं धरायचं, दुसरीनं उचलायचं

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या एखाद्या गाणाऱ्या बाईला विचारा, हे गाणं तुम्ही कुणाकडून घेतलं? ती बहुधा मायचं नाव सांगेल, नाहीतर आजीचं, चुलत सासूचं, शेजारच्या मावशीचं. जात्याला दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं ओवी धरायची, ओळ सरत आली की दुसरीनं उचलायची. शिकवणी अशी वेगळी नव्हतीच. नव्या सुनेला घरात तोंड वर करून बोलायची सोय नसे; पण दळताना ती भावाचं कौतुक करी, सासुरवास सांगे, आणि पलीकडे सासू जागी असली तरी झोपल्यासारखीच पडून राही. गाण्यातल्या बोलण्याला कुणी उलटून जाब विचारत नसे.

हे सगळं फार जुनं आहे. आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. दळण, कांडण, शेणी वेचणं हे तिच्या अभंगांत आलं आणि कष्टकरी बाईचं काम देवाच्या कानावर घालण्याजोगं ठरलं. पुढच्या बायांनी जनीला आपल्याच जात्याशी बसवून घेतलं. किती ओव्यांमध्ये विठोबा तिला दळू लागतो, ते तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या ओव्या आहेत, १९९६ मध्ये टेप केलेल्या. त्या बाबासाहेबांवरच्या आहेत. पंढरीच्या वाटेची चाल तीच, तिच्यात भीमराया आला. चाल आजीची आणि मजकूर नातीचा, याला मी तरी परंपराच म्हणते. याच मुलखात कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात. वडिलांची एकतारी ऐकत वाढलेली ही बाई दारोदार गात होती. मोबाइलवर तिचा आवाज पसरला आणि घराघरातल्या मुली त्या ठसक्यात गाऊ लागल्या. तो ठसका कुठल्या क्लासात मिळत नाही.

तुळजापूरच्या वाटेवरच्या आराधिणी आठवा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. एक पुढं म्हणते, मागच्या झेलतात. झेलणाऱ्यांतलीच एखादी काही वर्षांनी पुढं उभी राहते.

आता मैफलीच्या गाण्याकडे. तिथंही आत डोकावलं तर हीच गोष्ट दिसते. बायकांचं गाणं म्हणजे कुणाच्या तरी कोठीवरचं, अशी समजूत असलेल्या काळात हिराबाई बडोदेकर तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत बसल्या. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांच्यासोबत त्यांनी जुगलबंदीही गायली. पुढं प्रभा अत्रे याच हिराबाईंकडे शिकल्या. प्रभाताईंची सुरुवात मला फार आवडते. त्यांच्या आईची तब्येत ठीक नसे, म्हणून मन रमवायला आईला गाण्याची शिकवणी लावली. आईचं शिकणं थोडक्यात आटोपलं. पण शेजारी बसून ऐकणारी लेक गाण्याला लागली, ती २०२४ मध्ये जाईपर्यंत गातच होती.

आणि ऐकणाऱ्या? रेडिओनं त्यांचं काय केलं, ते परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर केंद्र लावून स्वयंपाक करणाऱ्या बायांना पक्कं ठाऊक आहे. मैफलीला जायला घरची परवानगी लागायची, रेडिओला लागायची नाही. भाकरी थापताना किशोरीताई आमोणकरांचा आवाज कानावर पडतो, राग कोणता ते कळत नाही, पण हात मंदावतो. कोद्रीच्या गोदावरीताई मुंडे यांचे अभंग ऐकताना तर अनेकींना वाटलं असेल, ही आपल्याच बोलीतली, गंगाखेडकडची बाई. हिला जमतं तर आपल्याला का नाही? गावच्या महिला भजनी मंडळात पहिल्यांदा टाळ हाती घेणारीच्या मनात असाच कुणाचा तरी आवाज असतो.

एक खटकतं, ते बोलूनच टाकते. आपल्या बहुतेक महिला भजनी मंडळांत गाणाऱ्या बाया आणि पखवाजावर मात्र पुरुष. तो आला नाही की भजन रद्द. लातूर, नांदेडच्या मुली गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतात, पण गायनाच्या. तबल्याला, पखवाजाला आईबापच नाही म्हणतात, बोटं राठ होतात म्हणे. कापूस वेचून, खुरपून होत नाहीत का? एक पोरगी मंदिरात पखवाज घेऊन बसली, की पुढच्या एकादशीला तिच्या मागं दोघी-तिघी कान देऊन बसलेल्या दिसतील.

तेव्हा एवढं करा. घरात कुणी पंचमीचं, आराध्याचं, जात्यावरचं म्हणत असेल तर ते फोनवर टेपून घ्या. पण आधी तिला तिचं नाव, गाव आणि हे गाणं कुणाकडून घेतलं ते बोलायला लावा. मगच म्हणू द्या.

नमस्कार.