सुरीचं म्यान घरच्या घरी: चामडं, आरी आणि मधली पट्टी

[दृश्य: टेबलावर चामड्याचा तुकडा, शेजारी दहा सेंटिमीटर पात्याची, न मिटणारी सुरी.]

म्यानाचं निम्मं काम चामड्याच्या दुकानातच ठरतं.

पुण्यात बॅगा आणि जॅकेटांसाठी लागणारं मऊ, रंगीत चामडं सहज मिळतं. ते बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. म्यानाला ते चालत नाही. ओलं करून कितीही दाबलं तरी आकार धरत नाही, शिवाय त्यात उरलेल्या क्षारांमुळे पात्यावर गंजाचे ठिपके येतात. आपल्याला हवं झाडाच्या साली-फळांत कमावलेलं चामडं. दुकानात त्याला व्हेज टॅन म्हणतात. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक चामडं याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. आपल्याच जिल्ह्यात, भीमाशंकर आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन कातडीच्या तंतूंना बांधून घेतं. म्हणून असं चामडं कुजत नाही, पण पाणी प्यायलं की मऊ पडतं आणि वाळताना दिलेला आकार धरून ठेवतं. म्यानाची सगळी मदार या एका गुणावर आहे.

[दृश्य: दोन तुकड्यांच्या कापलेल्या कडा, जवळून.]

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसतो, साली-हिरड्याच्या चामड्याचा तपकिरी. शंका राहिली तर एक कपटा उकळत्या पाण्यात टाका: व्हेज टॅन आक्रसून वळतं, क्रोम जवळपास तसंच राहतं.

जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर घ्या. अडीचच्या खाली गेलात तर टोक आरपार जाण्याची भीती, चारच्या वर घडी नीट बसत नाही. तुकडा पाठीकडचा मागा. पोटाकडचं चामडं सैल असतं, ताणलं जातं. एका म्यानाला एक चौरस फूट भरपूर झालं.

[दृश्य: हत्यारं एकेक करून.]

हत्यारं थोडीच लागतात. नवीन पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, टाक्यांची रेघ आखायला कंपास, भोकं पाडायला टोकदार आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, एक मिलिमीटर जाडीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, लाकडी मोगरी, पॉलिश पेपर आणि चप्पल दुरुस्तीवाले वापरतात ते सोल्युशन. कडा पातळ करायला रापी असेल तर उत्तम. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर जुनी हत्यारं पाहायला मिळतात. आरीचं टोक मात्र घरी आणून पुन्हा घासावंच लागतं. बोथट आरी चामडं फाडते आणि जोर लावताना हातात घुसते.

स्टीलच्या पट्टीखाली चिकटपट्टी लावा. ओल्या व्हेज टॅनला लोखंड लागलं की टॅनिनशी संयोग होऊन काळा डाग पडतो. ताज्या डागावर लिंबाचा रस चोळला तर तो बराच उतरतो.

[दृश्य: पुठ्ठ्याच्या घडीत ठेवलेली सुरी, भोवती पेन्सिलची रेघ.]

साचा आधी पुठ्ठ्याचा. पुठ्ठ्याची घडी घालून सुरीची पाठ घडीला टेकवा. धारेच्या बाजूला पंधरा मिलिमीटर सोडून रेघ ओढा. मूठ एक तृतीयांश तरी म्यानात जायला हवी, कारण सुरी पकडून ठेवण्याचं काम मुठीभोवतीचं चामडं करतं. साचा पटला की चामडं कापा. एका दमात कापायला जाऊ नका, त्याच रेघेवरून तीन-चार हलके हात फिरवा.

कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा फासा घडी घालण्याआधीच शिवून घ्यायचा. म्यान एकदा बंद झालं की आत हात जात नाही. ही गोष्ट विसरली की पुढचं सगळं उसवावं लागतं.

आता मधली पट्टी. दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, तोंडापासून टोकापर्यंत त्याच चामड्याची दहा मिलिमीटर रुंद पट्टी बसते. ती नसेल तर सुरी आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते आणि टाके आतून कापले जातात. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस पातं शिलाईतून बाहेर येतं. शिलाई काठापासून चार मिलिमीटरवर घातली की धार आणि दोरा यांच्यात सहा मिलिमीटर चामडं उरतं. पट्टी अरुंद करून जागा वाचवू नका.

पट्टीची गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर सोल्युशन धरत नाही. दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की जोडून मोगरीने ठोका. ओलं असतानाच जोडलं तर पदर सरकतात.

[दृश्य: आरीने भोकं पाडणारे हात, मग दोन सुयांची शिलाई.]

रेघेवर पाच मिलिमीटरच्या अंतराने खुणा करा. तीन पदर मिळून जाडी दहा मिलिमीटरच्या आसपास होते, त्यामुळे आरी जरा तिरकी झाली तरी मागची भोकं वेडीवाकडी येतात. आरी काटकोनात धरा, खाली लाकूड ठेवा, दुसरा हात टोकासमोर आणू नका. स्टँडवरच्या ड्रिलने भोकं सरळ येतात हे खरं, पण ड्रिल चामडं काढून टाकतं. आरी तंतू बाजूला सारते आणि शिवल्यावर ते दोऱ्याभोवती पुन्हा आवळतात. म्हणून आरीच बरी.

दोरा एकच, सुया त्याच्या दोन टोकांना. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. शिवणयंत्राच्या टाक्याला हे जमत नाही. पाच मिलिमीटरचा टाका आणि दहा मिलिमीटरची जाडी धरली, तर दोरा शिवणीच्या सहापट लागतो. पंधरा सेंटिमीटर शिवणीला नव्वद सेंटिमीटर, वर हाताशी धरायला थोडा, म्हणजे सव्वा मीटर घ्या. तोंडाशी सुरुवातीला दोन टाके दुहेरी घाला, सगळा ताण तिथेच येतो. शेवटीही दोन-तीन टाके मागे येऊन टोकं कापा आणि लायटरने वितळवा.

[दृश्य: कोमट पाण्यात म्यान, वर येणारे बुडबुडे.]

सुरीला तेल लावून प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचे दोन वेढे द्या. म्यान कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबा. मग सुरी आत घालून मुठीभोवती अंगठ्याने आणि गुळगुळीत लाकडाने दाबत जा. तासाभराने सुरी काढून म्यान सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा हेअर ड्रायरने घाई केली तर चामडं आक्रसतं आणि वरचा थर तडकतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन.

काठ १२०, २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा, पाण्याचं बोट फिरवा आणि जाड सुती कापडाने गरम होईपर्यंत रगडा. वरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात. तेल अगदी थोडं, कारण जास्त झालं की म्यान मऊ पडून सुरीवरची पकड सुटते.

सुरी महिनोन्‌महिने म्यानात ठेवू नका. चामडं हवेतला ओलावा धरतं, त्यात टॅनिनची आम्लता, त्यामुळे कार्बन स्टीलचं पातं लवकर गंजतं. पावसाळ्यात म्यानावर पांढरट थर दिसला तर थोडी गरम हवा सोडून पाहा. वितळला तर ते मेण आहे, काळजी नको. तसाच राहिला तर बुरशी. ती घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि म्यान दोन दिवस पंख्याखाली मोकळं ठेवा.