संपत आलेल्या सेलवर ऐकलेलं रॉक

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर जुना टेपरेकॉर्डर.)

राम राम मंडळी. आधी हा डबा बघून घ्या. कॅसेटचं झाकण तुटलंय म्हणून रबरबँड लावलाय. मागे चार मोठे सेल बसतात, आणि त्यातल्या एका स्प्रिंगला चॉकलेटची चांदी गुंडाळलीय, नाहीतर करंट लागत नाही. आजची सगळी यादी या डब्यातून आलीय.

"दादा, तुमची आवडती रॉक गाणी, बँड, अल्बम सांगा ना," असं तुम्ही कितीतरी दिवस म्हणताय आणि मी टाळतोय. खरं कारण असं की रॉकवर बोलणारे लोक शब्दांवर बोलतात. अमुक ओळीचा अर्थ काय, तमुक ओळीत कुणाला टोमणा मारलाय. आणि मी भुसावळच्या मराठी शाळेतला. ही गाणी ऐकायला लागलो तेव्हा गाणारा काय म्हणतोय यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तेव्हा माझी यादी ही आवाजांची यादी आहे. बोलांची नाही.

दुसरं म्हणजे मी इथे मूळ गाणं वाजवणार नाही. वाजवलं की चॅनेलला कॉपीराइटचा स्ट्राईक येतो. त्यामुळे तोंडाने आणि टेबलावर वाजवून जे जमेल ते. हसलात तरी चालेल.

तर झालं असं. आमच्या शेजारचे काका रेल्वेत. पासवर मुंबईला गेले की फोर्टच्या फुटपाथवरून कॅसेटी आणायचे, आणि ऐकून कंटाळा आला की आम्हाला द्यायचे. त्यात एक होती ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडची 'पॅरानॉइड'. 1970 चा अल्बम. आमच्याकडे ती पोचायला तीसेक वर्षं लागली. तेव्हा भारनियमन म्हणजे रोजचंच. लाईट गेली की टेपरेकॉर्डर सेलवर, आणि नवे सेल आणायला पैसे कुठे? सेल उतरायला लागले की मोटर मंद फिरायची. त्या अल्बमवर 'आयर्न मॅन' नावाचं गाणं आहे, ते मुळातच जड पावलांचं. आमच्या टेपवर तर ते म्हणजे दलदलीत रुतलेला रेडा. आजी ओट्यावरून ओरडायची, "हाऊ काय कल्ला शे रे भो?" आजी अमळनेरकडची, बोलायची ती अहिराणीतच.

पुढे जळगावला कॉलेजात गेलो, सायबर कॅफेत तेच गाणं ऐकलं आणि मला वाटलं कुणीतरी ते पळवलंय. इतकं हलकं कसं? मूळ गाणं ते होतं. मी इतकी वर्षं उतरलेल्या सेलवरचं ऐकत होतो.

आता गंमत ऐका. टेप मंद फिरली की दोन गोष्टी होतात. लय उतरते आणि सूरही खाली येतो. गिटारची तार सैल केली तरी सूर खाली येतो. आणि ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याने नेमकं तेच केलं, पण त्यामागची गोष्ट वेगळी आहे.

हा बर्मिंगहॅमचा पोरगा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरी सोडायचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची, म्हणजे मध्यमा आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारवर तारा दाबायचा हात म्हणजे हाच. संपलं म्हणून बसला होता. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो रेनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचा हात आगीत भाजलेला, तारांवर मुख्यतः दोनच बोटं चालायची, तरी काय वाजवायचा! मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवला. टोपीतून तार किती दाबली गेली ते कळत नाही, म्हणून तारा बारीक लावल्या, पुढे सैलही केल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या वर्गातला एक जण आठवला. जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेसवर होता, तर्जनीचं पेर गेलं. तो आजही भजनात ढोलकी वाजवतो, त्या बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून. मी विचारलं, दुखत नाही का? म्हणे, "दुखत नाही, पण थाप कुठं पडली ते कानानं बघावं लागतं." आयोमीचं वेगळं काय होतं?

1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. पेटीवाल्यांसाठी सांगतो, गिटारची सगळ्यात जाड तार पांढरी तीनला लागते, ती याने आणली काळी एकवर. आज हेवी मेटल म्हणून जे काही चालतं त्यातलं निम्मं या उतरलेल्या तारेवर उभं आहे. तर माझा अल्बम नंबर एक, 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'. 'पॅरानॉइड' नाही. शिव्या खाली कॉमेंटमध्ये घाला.

आणि गाणं म्हणाल तर त्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं, बँडच्याच नावाचं. अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला, जवळपास सगळा एका दिवसात रेकॉर्ड केलेला. त्या गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, फक्त तीन स्वरांचा आहे. सा, मग वरचा सा, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. बस. पेटीवर वाजवून बघा, संध्याकाळी, घरात एकटे असताना. तीव्र मध्यम आपल्याकडे यमनमध्ये किती गोड लागतो! इथे पाठीमागे ना ग आहे ना प, नुसता सा आणि तो. अंगावर काटा येतो.

(पाणी पितो.)

'स्मोक ऑन द वॉटर' घाईत उरकतो, कारण ते सगळ्यांना येतं. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात फ्रँक झापा या अमेरिकन संगीतकाराच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे आगीचा गोळा सोडणारं पिस्तूल, उडवली, कॅसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला, आणि तिथेच रेकॉर्डिंगला आलेल्या डीप पर्पलने त्यावर गाणं केलं. मला ते आवडतं ते वेगळ्याच कारणाने. एका लग्नात मी बँडच्या कॅसिओवाल्याला तो रिफ मोबाईलवर ऐकवला. त्याने एकदा ऐकलं, मान हलवली आणि वरातीत पावरीच्या, म्हणजे आदिवासींच्या फुंकवाद्याच्या, चालीला जोडून टाकला. नवरदेवाचे मामा त्यावर वीस मिनिटं नाचले. पावरी माहीत नसेल त्यांनी एकदा सातपुड्याकडचं लग्न बघावं.

आता पिंक फ्लॉइड. 'द डार्क साइड ऑफ द मून', 1973. यावर लोक तासभर बोलतात, मी दोनच जागा सांगणार.

एक, 'मनी'. सुरुवातीला नाणी, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटी असं सगळं तालात येतं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक आवाज वेगळा रेकॉर्ड केला, टेपचे तुकडे मोजून सारख्या लांबीचे कापले, जोडले आणि त्याचं कडं करून मशीनवर फिरवत ठेवलं. शिंप्याचंच काम. आणि मात्रा मोजा. (टेबलावर वाजवतो.) एक दोन तीन चार पाच सहा सात. सात! आमच्या भजनी मंडळातल्या तबलजींना ऐकवलं तर पहिलं वाक्य, "अरे, हे तर रूपक." अगदी रूपक नाही, रूपकाला समेवरच खाली असते आणि वजन तीन-दोन-दोन पडतं, ते इथे नाही. पण त्यांचा पाय बरोबर पडत होता. मध्ये गिटारचा सोलो आला तशी मात्रा चारवर गेली आणि तबलजींनी डोळे उघडले. "इथं सोपं केलं बघ त्यांनी," म्हणाले. खरंच आहे.

दुसरी जागा, 'द ग्रेट गिग इन द स्काय'. यात शब्दच नाहीत. क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला स्टुडिओत बोलावलं आणि मरणावरचा तुकडा आहे, बोल नकोत, एवढंच सांगितलं. तिला वाटलं आपलं गाणं वाया गेलं. मेहनताना मिळाला तीस पौंड. पुढे तीस वर्षांनी ती कोर्टात गेली, तडजोड झाली आणि गाण्याच्या कर्त्यांमध्ये तिचं नाव लागलं.

मला हे गाणं कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे गावात मयत झालं की नात्यातली बाई दारातून आत येतानाच हेल काढते. आधी वर, मग तुटत तुटत खाली, मग हुंदका, मग परत वर. आजी गेली तेव्हा मोठ्या आत्याने असा हेल काढला होता की अंगणातली पोरं खेळायची थांबली. क्लेअर टोरी तिसऱ्या मिनिटाच्या आसपास जशी खाली येते, तशीच आत्या आली होती. मी ते गाणं वर्षातून दोनदाच ऐकतो.

लेड झेपलिन. 'स्टेअरवे टू हेवन' यादीत नाही. चांगलं आहे, पण गिटारच्या प्रत्येक दुकानात ते वाजवून वाजवून त्याचा चोथा केलाय. 'काश्मीर' घ्या, 1975 चं. नाव काश्मीर, सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. ड्रम चारच्या मात्रेत चालतो, वरची धून तीनच्या. दोघे आपापल्या वाटेने जातात आणि बाराव्या मात्रेनंतर परत एका ठिकाणी भेटतात. मोजत ऐका, मजा आहे.

पण झेपलिनमधलं माझं एक नंबर वेगळंच आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. 1971. लेव्ही म्हणजे पूर अडवायला नदीकाठी घातलेला बांध. मूळ गाणं 1929 चं, मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मॅककॉय यांचं, मिसिसिपीच्या 1927 च्या पुरावरचं. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडलेले ज्याने पाहिलेत, त्याला अर्थ सांगायची गरज नाही. मात्र मला अर्थ माहीत नव्हता तेव्हाही त्या ड्रममध्ये पाणीच ऐकू यायचं.

तो आवाज कसा आला ते दाखवतो. कॅमेरा घेऊन या माझ्याबरोबर.

(खोलीत टाळी वाजवतो. मग बाहेर, इमारतीच्या जिन्यात.)

खोलीत टाळी ऐकलीत? गादी, पडदे, कपाट, सगळ्यांनी मिळून आवाज खाल्ला. आता जिन्यात. (टाळी.) ऐकलं? टाळी वर गेली, तिसऱ्या मजल्यावर आपटली, परत आली. झेपलिन तेव्हा हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या मोठ्या घरात रेकॉर्ड करत होते. जॉन बॉनहमचा ड्रमसेट ठेवला खाली जिन्याजवळच्या हॉलमध्ये, आणि दोन माईक टांगले वर जिन्यात. ड्रमच्या जवळ नाही, लांब. म्हणून तो ठोका एखाद्या वाड्याचा दरवाजा लोटल्यासारखा येतो.

आणि आता ज्यासाठी मी हा सगळा व्हिडिओ करतोय ते. गाणं वाजवलं होतं जरा जलद. नंतर टेप मंद केली, मुद्दाम. लय उतरली, सूर उतरला, सगळं जड झालं. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. माझ्या टेपरेकॉर्डरने सेल संपल्यामुळे जे केलं, ते या लोकांनी ठरवून केलं होतं! लाईट जायची ती काय वाईटासाठीच नव्हती.

शेवटचा अल्बम आपल्याकडचा. इंडियन ओशन, दिल्लीचा बँड, 'कंदिसा', 2000 साल. सुश्मित सेन गिटार, राहुल राम बेस, अमित किलम ड्रम, आणि तबला व गाणं अशीम चक्रवर्तींचं, जे 2009 मध्ये गेले. 'कंदिसा' हे गाणं म्हणजे अरामी भाषेतली जुनी प्रार्थना. तीही भाषा मला येत नाही, म्हणजे मी परत घरीच आलो. पण त्यातलं 'मा रेवा' सोडू नका. रेवा म्हणजे नर्मदा, आणि नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेच्या हद्दीवरून जाते. राहुल राम 90 च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात होते, आणि ही धून नर्मदाकाठचीच लोकधून. आपल्या अक्कलकुव्यातलं मणिबेली ज्या पाण्याखाली गेलं, त्या नदीचं गाणं. बेस गिटार त्यात अशी चालते की रॉक कुठे संपतं आणि भजन कुठे सुरू होतं ते मी अजून शोधतोय.

हे सगळं ऐकताना एक करा, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे सूर त्यातून येतच नाहीत, आणि माझ्या यादीत खालचे सूर काढले तर उरतं काय? साधे वायरवाले हेडफोन चालतील.

तुमची यादी कॉमेंटमध्ये टाका. अट एकच, शब्द न सांगता आवाजाची जागा सांगायची. कुठल्या मिनिटाला, काय वाजतं.

(वर बघतो.)

काही नाही काकू, व्हिडिओ चाललाय. नाही, आता नाही वाजवणार टाळ्या. हो, गेट लावतो.